शिन्यास, हत्तीबद्दल

सोलापूर, रविवार दुपार

शिन्या,

सात महिन्यांनी लिहितोय, तेही गुन्हा कबूल करायला. शिव्या वाचून झाल्यावर घाल. तब्येत बरी. आईचा गुडघा आहे तसाच.

तर हत्ती. फायबरचा, पिल्लाएवढा, माझ्या छातीला लागतो. रंगवायचं काम मिळालं. परदेशात जुनी टूम आहे ही. १९९८ ला झुरिकमध्ये गायी रंगवून रस्त्यांवर उभ्या केल्या, पुढच्या वर्षी शिकागोत. २००७ ला रॉटरडॅममध्ये हत्ती आले, सुरुंगात पाय गेलेल्या मोशा नावाच्या पिल्लामुळे. मग लिलाव, पैसे हत्तींसाठी. काम देणारा पोरगा मोबाइलवर दाखवत होता. मी मनात म्हटलं, आम्ही पोळ्याला बैल रंगवतो, लिलाव नाही करत.

"काहीतरी सोलापूरचं टाका," तो म्हणाला. म्हणजे चादर. आणि चादर म्हटलं की मला एकच दिसते, तुझ्या अण्णांची मोरवाली.

त्या मोराचा ग्राफ, नक्षीचा चौकटींचा कागद, माझ्याकडेच आहे बे. दहावीच्या दिवाळीत नेलेला. तू विचारलंस तेव्हा 'परत दिला' म्हणून सिद्धेश्वराची शपथ घेतली, आणि त्यावरून आपण अख्खी गड्ड्याची जत्रा वेगवेगळे फिरलो. तू बरोबर होतास.

पंधरा दिवस चौकटी मोजत होतो. अण्णा सांगायचे ना, ग्राफच्या एका ओळीला मागावर एक भोकांचं कार्ड, एक भोक चुकलं की मोराची मान मोडली. पण ते सपाट चादरीचं गणित. हत्तीच्या पोटावर दोरा धरून रेघा मारल्या तरी मोर फुगलाच, थेट लग्नानंतरचा तू. सोंडेकडे मात्र चौकटी आकसून पिसं दाट झाली, आणि ती चूक इतकी देखणी आली की ठेवली तशीच. अण्णांनी खपवून घेतली नसती.

परवा चार पुतळ्याजवळ, त्या चार हुतात्म्यांपाशी, उभा केला. पोरं त्याला 'पाचवा पुतळा' म्हणतात. मला नाही आवडत, ती माणसं फासावर गेलीत. असो. खाली पाटी आहे, कलाकार म्हणून माझं नाव. फक्त माझं. नाव लिहून द्या म्हणाले तेव्हा पेन माझ्याच हातात होतं, शिन्या. अण्णांनी एवढ्या चादरी काढल्या, लेबलावर कायम मालकाचं नाव. मी वेगळं काय केलं?

काल एक म्हातारा मोरावर बोट फिरवत उभा होता. "हा मी विणलाय," म्हणाला. "डिझाइन कुणाचं हो?" मी "जुनं आहे" म्हणालो आणि गाडी काढली.

लिलाव महिनाअखेरीस. त्याआधी पाटी बदलायला पोरगा तयार आहे. अण्णांचं नाव मराठीतच लिहू की खाली तेलुगूतही? लवकर कळव.

धाकटीचं ठरलं म्हणे, अभिनंदन. बदलीचं काय झालं? आहेरात चादर नसेल, घाबरू नकोस.

ग्राफ कुरिअर करू की न्यायला येतोस? कोपऱ्यात चहाचा डाग आहे. तो माझा नाही, अण्णांचाच आहे. शपथ नाही घेत.

तुझा,
दिल्या