माळव्याचा भाव कोण ठरवतं?

क्लाइड नॉर्थ, मेलबर्न
एप्रिल अखेर

ती. नाना आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

आम्ही तिघंही खुशाल आहोत. नाना, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, की तिकडे माळव्याचा भाव कोण ठरवतं. तेवढ्यात तुमच्या नातीने फोन ओढून घेतला आणि ते राहूनच गेलं. खरं तर फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाहीच, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. दादालाही वाचून दाखवा.

बहुतेक माल इथे दोन वाटांनी जातो. एक वाट घाऊक बाजाराची. तो शहराच्या उत्तरेला एपिंगला आहे, २०१५ साली जुन्या जागेवरून तिकडे हलवला. व्यवहार रात्री-पहाटे चालतो आणि किरकोळ गिऱ्हाइकाला आत जाता येत नाही. दुसरी वाट मोठ्या दुकानांची. वूलवर्थ्स आणि कोल्स या दोन कंपन्यांकडे मिळून देशातला जवळपास दोन तृतीयांश किराणा व्यापार आहे. त्यांच्याबद्दल इथल्या स्पर्धा आयोगाने २०२५ मध्ये मोठा अहवाल दिला. भाजी-फळवाल्या शेतकऱ्यांची अडचण त्यात मांडली आहे. लागवड कित्येक महिने आधी करायची, माल नाशवंत, आणि भाव मात्र आठवड्याच्या आठवड्याला नव्याने ठरणार. मग घासाघीस करायला शेतकऱ्याच्या हातात उरतं काय? ते वाचताना मला नारायणगावच्या बाजारातून तुम्ही परत यायचात ते दिवस आठवले. वीस किलोच्या क्रेटला काय मिळालं, हे आई तुम्हाला कधी विचारायची नाही. तुम्ही चप्पल कशी काढता त्यावरून तिला कळायचं.

तिसरी वाट लहान आहे, पण मला तुम्हाला सांगायचंय ते तिच्याबद्दलच. इथे बाहेरच्या उपनगरांत शनिवार-रविवारी शेतकऱ्यांचे बाजार भरतात. जागा म्हणजे एखादं मैदान, शाळेचं पटांगण नाहीतर नगरपालिकेची बाग. बहुतेक बाजार महिन्यातून एकदाच भरतो, सकाळी आठच्या सुमारास सुरू होतो आणि दुपारी बाराएकला तंबू उतरवायला लागतात. व्हिक्टोरियन फार्मर्स मार्केट्स असोसिएशन म्हणून एक संस्था आहे, ती अशा बाजारांना आणि शेतकऱ्यांना मान्यता देते. तिचा मुख्य नियम एकच आहे: जे स्वतः पिकवलं किंवा स्वतः बनवलं तेच विकायचं. घाऊक बाजारातून पेट्या उचलून आणायच्या आणि शेतकरी म्हणून उभं राहायचं, हे चालत नाही. समोर उभा असलेला माणूस एकतर स्वतः शेतकरी असतो, नाहीतर त्याच्या घरचा किंवा शेतावरचा कोणीतरी. त्यामुळे काहीही विचारा, उत्तर मिळतं. बटाटा कधी काढला, पाणी कुठलं, फवारणी केली का, गारपिटीत किती गेलं. आणि लोक खरोखरच विचारतात. बायका-पुरुष रांगेत उभे राहून जमिनीबद्दल बोलतात, हे मला फार आवडतं.

भाव खडूने पाटीवर लिहिलेला असतो आणि तो लिहिणारा शेतकरीच. आई, घासाघीस अजिबात नाही. तुला ते चुकल्यासारखं वाटेल. पण कोणी एक डॉलर कमी कर म्हणत नाही आणि वर मूठभर कोथिंबीरही मागत नाही. माल स्वस्त असतो असंही नाही. काही गोष्टी मोठ्या दुकानापेक्षा महागच पडतात. शेतकऱ्याला जागेचं भाडं आहे, विमा आहे, गाडीचं इंधन आहे आणि पाऊस आला तर दिवस फुकट. नुसत्या या बाजारावर घर चालवणं अवघड, म्हणून उरलेला माल बरेच जण हॉटेलांना किंवा घाऊक बाजारात देतात. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर दादाला वाटायचं इथे सोनं पिकतं.

आता हिवाळ्याआधीचा मोसम आहे, म्हणून सफरचंदांची रेलचेल आहे. ग्रॅनी स्मिथ हे हिरवं आंबट सफरचंद आपल्याकडेही येतं ना, ते मूळचं सिडनीजवळचं. एकोणिसाव्या शतकात मारिया अॅन स्मिथ नावाच्या बाईंच्या बागेत ते रोप आपोआप उगवलं. पिंक लेडी हे वाणही याच देशात तयार झालं. बटाटे मातीसकट मिळतात आणि प्रत्येक वाणाचं काम वेगळं. नाडीन उकडायला, डेझिरे भाजायला, बोटासारखा लांब किपफ्लर सॅलडला. मी डेझिरेची सुकी भाजी करते, तुझ्या भाजीच्या जवळपास जाते.

अंड्यांचं तर नानांनी ऐकायलाच हवं. मोकळ्या कोंबड्यांची अंडी म्हणून विकायची असतील, तर एका हेक्टरला किती कोंबड्या आहेत ते खोक्यावर छापावं लागतं. कायद्याने वरची मर्यादा १०,००० आहे. बाजारातले लहान शेतकरी दीड हजार किंवा त्याहून कमी आकडा अभिमानाने मोठ्या अक्षरात लिहितात आणि लोक तो आकडा बघून खोकं उचलतात. गिऱ्हाइकाला खरी माहिती दिली की ते जास्त पैसे मोजतं, हे मी इथे डोळ्यांनी बघते आहे.

सप्टेंबर ते डिसेंबर इथे शतावरीच्या कोवळ्या कोंबांचा मोसम. आपल्या औषधी शतावरीच्याच कुळातली ही भाजी आहे, पण खातात ते जमिनीतून वर आलेले कोंब. आमच्या जवळच कू वी रप म्हणून गाव आहे, देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त शतावरी त्या पट्ट्यात होते. तिथे पूर्वी मोठी दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चर खणून पाणी समुद्राकडे काढून दिलं, तेव्हा खालून काळी भुसभुशीत जमीन निघाली. एकदा लावलं की तेच गड्डे दहा-पंधरा वर्षं पीक देतात, पण तोडणी हाताने, रोजच्या रोज. ऊन चढलं की कोंब दिवसभरात बोटभर वाढतो. तोडणाऱ्या मजुरांच्या कमरेची कल्पना नानांना येईल.

आई, तुझ्यासाठी डँडेनाँगचा बाजार. तो शेतकऱ्यांचाच असा नाही, व्यापारी जास्त, पण १८६६ पासून भरतो आहे. मंगळवार, शुक्रवार, शनिवार आणि रविवार. आसपास अफगाण, व्हिएतनामी, कंबोडियन, श्रीलंकन अशी जगभरची माणसं राहतात, त्यामुळे कारली, भेंडी, मेथी, कढीपत्ता, ओली हळद, सगळं दिसतं. तिथे मात्र ओरडाआरडा भरपूर! दुपार कलली की उरलेल्या पेट्या पडेल भावात जातात आणि तुझे जावई त्याच वेळेला जायचा आग्रह धरतात. मेथीचं बी पाठवू का विचारलं होतंस, नको पाठवूस. बियाणं, माती, रोपं यांबाबत इथले नियम फार कडक आहेत.

रविवारी सकाळी जुन्या वस्तूंचाही बाजार असतो, बहुतेक रोटरीसारखी मंडळं भरवतात. आत जायला एखादं सोनेरी नाणं डब्यात टाकायचं, म्हणजे एक किंवा दोन डॉलर. बाजूला एखादं मंडळ नाहीतर गावचं अग्निशमन दल पावात सॉसेज घालून विकतं. त्या दलात बहुतेक सगळे बिनपगारी स्वयंसेवक, उन्हाळ्यात वणवा लागला की हीच माणसं धावतात. नातीला तिथे पावात नुसता परतलेला कांदा मिळतो आणि ती खूश असते.

आता जे मुख्य लिहायचं आहे ते.

आमचं घर ज्या वस्तीत आहे तिथे काही वर्षांपूर्वी कुरणं आणि भाजीचे मळे होते. क्लाइडची जमीन वाळूमिश्रित, पाण्याचा निचरा चांगला, त्यामुळे सेलरी, लेट्यूस, कांद्याची पात यांचं मोठं उत्पादन. शहर किती पसरू द्यायचं याची एक हद्द सरकारने २००२ मध्ये आखली. हद्दीच्या आत घरं, बाहेर शेती. पण ती पुढे सरकत राहिली. २०१० मध्ये तर मोठ्या प्रमाणावर. रेषेच्या आत आलेल्या जमिनीचा भाव एका रात्रीत उडतो. ज्याला विकायचं नाही त्याचाही कर वाढतो, कारण कर जमिनीच्या किमतीवर. शेजारी घरं आली की कोंबडीखताच्या वासाची तक्रार, फवारणीची तक्रार, पहाटे ट्रॅक्टर चालू केला तरी तक्रार. बाजारात मी ज्यांच्याकडून पालेभाजी घेते ते आजोबा मूळचे इटालियन घराण्यातले. त्यांनी वडिलांचा मळा असाच विकला. आता लांब खंडाने जमीन घेऊन करतात, पण म्हणतात की त्या वाळूतली सेलरी नव्या जागेत येत नाही. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे दहा वर्षांपूर्वी हिशेब मांडला होता: शहराच्या भोवतालची शेती शहराच्या अन्नाची ४१ टक्के गरज भागवू शकते, आणि वस्ती अशीच पसरत गेली तर २०५० पर्यंत हे प्रमाण १८ टक्क्यांवर येईल. मी ज्या बाजाराचं इतकं कौतुक करते, तो आमच्यासारख्यांची घरं जिथे उभी राहतात तिथूनच मागे मागे सरकतो आहे.

म्हणूनच दादाने रस्त्याकडेचा तुकडा विकण्याबद्दल सांगितलं तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. प्लॉटिंगवाल्याला बहिणीची संमती हवी म्हणून कागद पाठवतो म्हणाला. वकिलातीत जाऊन सही करणं एका सकाळचं काम आहे आणि मला वाटणी नको, हे तुम्हाला माहीत आहे. पण तो विहिरीचा तुकडा आहे नाना. खालचा माळ द्या, त्याला माझी ना नाही. विहीर आणि तिच्या भोवतीची काळी जमीन गेली की पैसा कितीही आला तरी तशी जमीन पुन्हा घेता येणार नाही. टोमॅटोच्या भावाने दादा वैतागला आहे, ते मला समजतं. दोन लेकरांची फी आहे, सोसायटीचं कर्ज आहे. त्याच्यावर राग नाही.

एक करता येईल का? पणन मंडळाने पुण्यात शेतकरी आठवडे बाजार सुरू केलेत, सावता माळींच्या नावाने. तिथे शेतकऱ्यांचे गट थेट गिऱ्हाइकाला माल विकतात. दादाने एकदा जाऊन बघावं. आपल्या वस्तीवरचे चार-पाच जण मिळून एक टेम्पो केला, नुसता टोमॅटो न नेता मेथी, कोथिंबीर, गवार, अंडी असं मिसळून नेलं, तर सुरुवातीचा टेम्पोचा आणि तंबूचा खर्च आम्ही दोघं देऊ. जावई तयार आहेत, मी विचारूनच लिहिते आहे. नाही जमलं तर नाही जमलं, पण एक हंगाम करून बघू.

मी डिसेंबरात नातीला घेऊन येते आहे, तेव्हा चौघं बसून बोलू. तोपर्यंत मी सही करणार नाही, हे दादाला न रागावता तुम्हीच समजावून सांगा. विसार घेतला असेल तर किती आणि कोणत्या तारखेला, मुदत किती दिवसांची, तेवढं या आठवड्यात कळवा. कागदाचा फोटो पाठवला तरी चालेल.

आईच्या गुडघ्याला तेल लावता ना?

तुमची लेक