पाचवीच्या पोरांची भूक

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

पत्राला एवढा उशीर का झाला, याबद्दल तू मनातल्या मनात मला जे काही बोलला असशील, ते ऐकले असे समजून पुढे जातो. माझी साखर ताब्यात आहे. गुडघा कुरकुरतो, पण वर्गात उभे राहू देतो. आज लिहायला बसलो त्याचे कारण आपली जुनी खिचडीच आहे, आणि हे गाऱ्हाणे तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

मध्यंतरी आमच्या शाळेत मुलांना दुपारी मिळणाऱ्या सरकारी पोषण आहाराची तपासणी झाली. आलेल्या साहेबांनी चव नोंदवही चाळली, दोन घास खाल्ले, मीठ बरोबर आहे असे सांगितले आणि मग त्यांची नजर ओळीत बसलेल्या मुलांच्या ताटांकडे गेली. पहिलीच्या मुलींच्या ताटात एक डाव खिचडी होती आणि पाचवीच्या पोरांच्या ताटात दोन. माप सर्वांना सारखे असताना हा भेदभाव कशासाठी, असे त्यांनी खिचडी शिजवून वाढणाऱ्या मावशींना विचारले. मावशींनी डाव खाली ठेवला नाही आणि आवाजही चढवला नाही. "माप सारखं हाय साहेब, पोटं सारखी न्हाईत," एवढेच त्या म्हणाल्या. उद्यापासून सर्वांना सारखे वाढावे, अशी तोंडी सूचना देऊन साहेब गेले. तोंडी सूचना ही लेखी सूचनेपेक्षा किती जड असते, हे तुला वेगळे सांगायला नको.

मग आम्ही काही दिवस सारखे वाढून पाहिले. पहिली-दुसरीच्या ताटांत खिचडी उरू लागली आणि पाचवीची पोरे पातेल्याभोवती घुटमळू लागली. एके दिवशी दुपारच्या सुट्टीत नळावर गेलो, तर आमच्या वर्गातला एक दांडगा पोरगा उकिडवा बसून दोन ताटे घासत होता आणि दुसरीतली एक चिमुरडी शेजारी उभी राहून कडेला चिकटलेले शीत त्याला बोटाने दाखवत होती. चौकशी केल्यावर कळले की दोघांचा व्यवहार ठरला होता. तिने उरलेली खिचडी त्याला द्यायची आणि त्याने तिचे ताट घासून द्यायचे. रागवावे की पाठ थोपटावी, हे मला ठरवता आले नाही.

त्या रात्री वही घेऊन बसलो. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. सहावीपासून तेच माप एकदम १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ आणि ७०० कॅलरी असे होते. आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेले आकडे पाहा. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३६० कॅलरी लागतात आणि दहा ते बारा वर्षांच्या मुलग्याला २२२०. म्हणजे पहिलीच्या मुलाची दिवसाची एकतृतीयांश गरज शाळेच्या ताटात भागते, सहावी-सातवीच्या मुलाचीही जवळपास तेवढीच भागते आणि मधल्या मधे पाचवीच्या पोराच्या वाट्याला जेमतेम एकपंचमांश येते. हे सारे मावशींना आकडेमोड न करता कळले होते. एकूण तांदूळ तेवढाच शिजतो आणि साठ्याच्या हिशोबात एका दाण्याचाही फरक पडत नाही, म्हणून सध्या वाढण्याचे काम पुन्हा त्यांच्या मर्जीवर सोडले आहे.

तू हसतो आहेस, हे मला इथून दिसते. १९९५ ची शाळेतल्या आहाराची योजना नवी असताना महिन्याला तीन किलो तांदूळ मुलांच्या घरी द्यायचा आणि तोही हजेरी ऐंशी टक्के भरली तरच, असा नियम होता. तेव्हा त्या ऊसतोड्याच्या पोरीसाठी तू हजेरीपटावर शाईची दौत "चुकून" सांडलीस आणि त्यावरून आपला अबोला झाला. हजेरीपटाला हात लावायचा नाही, हे माझे मत आजही कायम आहे. मावशींच्या डावाची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही, हा तुझ्या शाईत आणि त्यात मोठा फरक आहे, तेव्हा उगीच मिशीला पीळ देऊ नकोस.

पण खरी काळजी डावाची नाही. खिचडीने पोट भरते का, असे कोणी विचारले तर मी भरते असेच सांगेन. पण सकाळी घरून भाकरी खाऊन आलेल्या मुलाचे भरते. कापूस वेचणी सुरू झाली की आया उजाडायच्या आत शेतात जातात, आणि दिवाळीनंतर निम्मी घरे कारखान्यांकडे निघून गेली की मागे आजी आणि नातवंडे उरतात. मुले कोऱ्या चहात बटर बुडवून खातात आणि शाळेत येतात. परिपाठाला उभी असताना दोघे-तिघे तरी खाली बसतात. दीड वाजता मिळणारे ताट हेच त्यांचे दिवसातले पहिले जेवण असते, त्यातल्या तीन-चतुर्थांश कॅलरी एकट्या तांदळाच्या असतात आणि चार वाजता त्यांचे डोळे पुन्हा फळ्याऐवजी दाराकडे लागतात. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ पासून पहिली ते पाचवीला सकाळची न्याहारी सुरू केली, ती मला म्हणूनच शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते, तेव्हा बुधवारची हजेरी तू पाहायला हवी होतीस. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे थांबले आणि अंडे लोकसहभागातून द्यावे, असे ठरले. तांदूळ सरकारकडून येतो, हे मान्य. पण डाळ, तेल, भाजी, मसाला आणि सरपण या सर्वांसाठी प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे धरलेले आहेत, आणि तेही मे २०२५ च्या वाढीनंतर. तेवढ्यात टपरीवर अर्धा चहासुद्धा कुरकुरतच मिळतो.

म्हणून मनात आले आहे की परिपाठाच्या आधी प्रत्येक मुलाच्या हातावर मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा ठेवावा. शनिवारी व्यवस्थापन समितीची बैठक आहे आणि सरपंच पहिल्या महिन्याचा खर्च देतो म्हणतात. दुसऱ्या महिन्याचा कोण देणार, ही माझी भीती आहे. सुरू करून बंद केलेल्या अंड्यांबद्दल पोरे अजून विचारतात. तसेच फुटाण्यांचे झाले तर? तू असतास तर आधी सुरू कर, मग बघू, असे म्हणाला असतास आणि मी हिशोब मागितला असता.

वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडले, हे कळले. धाकटीला नोकरी लागल्याचे अभिनंदन. पेढे बाकी आहेत. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तुझे मन रमते की नाही, ते सविस्तर लिही.

आणि तुझ्या मेहुण्यांची मार्केट यार्डात ओळख आहे, तेव्हा फुटाण्यांच्या पोत्याचा घाऊक भाव शनिवारच्या आत कळव, आणि पोत्यात खडे किती निघतात तेही विचारून ठेव.

तुझा,
रघुनाथ