‘त्यात शिकायचे काय?’

महोदय,

माझ्या पुतणीने पदवीनंतर स्त्री-अभ्यास हा विषय घेण्याचे ठरवले, तेव्हा ‘त्यात शिकायचे काय?’ असे घरातल्याच वडीलधाऱ्यांनी विचारले. एसएनडीटी विद्यापीठात या विषयाचे संशोधन १९७४ मध्येच सुरू झाले, हे सांगून उपयोग नव्हता. म्हणून तिने आमच्याच शेताचा उतारा पुढे ठेवला. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी १९९४ मध्ये तेव्हा अविवाहित असलेल्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये तो देशभरातील हिंदू मुलींना दिला. तरीही आमच्या उताऱ्यावर नावे भावांचीच, कारण माहेर तुटू नये म्हणून माझ्या दोन्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. मजकूर कानडीत होता (आम्हा भावांनाही तो धड वाचता येत नव्हता, हे कबूल करतो) आणि त्यांना तो कुणी समजावून सांगितला नाही.

१८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी स्त्रियांची बाजू मांडणारा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध मराठीतच लिहिला; म्हणजे हा विषय आपल्या भाषेतही शिकता येतो. सीमाभागातील महाविद्यालयांनी हा विषय शिकवताना मराठी आणि कानडी दोन्ही भाषांतील वाचनसाहित्य ठेवावे, आणि अभ्यासासाठी विद्यार्थिनींना आधी तलाठ्याच्या कार्यालयात पाठवावे.

— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)