मंत्री साहेब, प्राध्यापकांचे पेपर मोजू नका, कुणीतरी ते वाचेल अशी सोय करा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित सीनियर कॉलेजात ग्रंथपाल आहे. प्रमोशनच्या फाइलला लागणारे पेपर म्हणजे शोधनिबंध, ते छापणाऱ्या जर्नलचे आयएसएसएन (ओळख) नंबर, जर्नल खरं की खोटं ही सगळी तपासणी फिरून फिरून लायब्ररीच्याच टेबलावर येते, त्यामुळे आपल्याकडे संशोधन म्हणून काय काय छापलं जातंय ते मी अगदी जवळून बघते आणि बघून जीव तुटतो, म्हणून हे पत्र.

या फायलींना जोडलेला एखादा अंक तुम्ही स्वतः मागवून घ्या. मुखपृष्ठावर 'आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय पीअर रिव्ह्यूड' असं ठळक लिहिलेलं असतं, आत पहिला पेपर मधुमेहावर, दुसरा कंपन्यांच्या नीतिमत्तेवर, मग डिजिटल पेमेंट, मग वारली चित्रं, मग ग्रामीण कवितेतली स्त्री, आणि या सगळ्याला संपादक एकच. पीअर रिव्ह्यू म्हणजे छापायच्या आधी त्या विषयातल्या जाणकारांनी पेपर वाचायचा, चुका काढायच्या, परत लिहायला लावायचा, याला महिने लागतात. इथे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाहिरात येते की पेपर पाठवा, फी भरा, चार दिवसांत पब्लिश, सर्टिफिकेट सोबत. चार दिवसांत मधुमेह आणि वारली दोन्ही कोण वाचतं? कुणीच वाचत नाही साहेब. लिहिणाऱ्यालाही माहीत असतं की हे कुणी वाचणार नाही, आणि मला सगळ्यात वाईट त्याचंच वाटतं.

यात शिक्षकांना लबाड म्हणून मोकळं होता येणार नाही. 2010 पासून एपीआयचे, म्हणजे शिक्षकाचं काम आकड्यांत मोजणारे गुण आले, मग यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीला किमान 7 पेपर आणि प्राध्यापक पदाला किमान 10 पेपर अशी अट आली, वर कॉलेजांचं मूल्यांकन करणारे नॅकवाले प्रत्येक शिक्षकामागे किती पेपर ते विचारतात. ज्याला वर्ग, परीक्षेच्या पेपरांची तपासणी, एनएसएस, निवडणुकीची ड्यूटी आणि नॅकच्या फायली एवढं सगळं आहे, ज्याच्या कॉलेजात धड लॅब नाही, त्याने हे पेपर कुठून आणायचे याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या पोरापोरींचं तर आणखी अवघड, त्यांचा पगार वेळेवर होत नाही आणि तरी मुलाखतीत मागे पडू नये म्हणून ते पदरचे पैसे घालून पेपर छापून घेतात.

हे सगळं मी मनाने सांगत नाही. 2018 मध्ये डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये एक अभ्यास छापला होता. विद्यापीठांनी सुचवल्यामुळे यूजीसीच्या मान्य जर्नल्सच्या यादीत गेलेली 1009 जर्नल्स त्यांनी तपासली, त्यातली 88 टक्क्यांच्या वर निकृष्ट असावीत असं निघालं. यादीत घालायला सुचवणारी विद्यापीठं आपलीच होती हे लक्षात घ्या. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने 4305 जर्नल्स यादीतून काढली आणि मग पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या केंद्राच्या मदतीने केअर ही जर्नल्सची नवी यादी सुरू झाली. तिच्यातही दोष होते, मराठीतली चांगली नियतकालिकं आत घालता घालता लोक थकले, नाव ढापणाऱ्या क्लोन वेबसाइट निघाल्या, पण निदान आमच्यासारख्यांना 'हे चालणार नाही' असं सांगायला हातात काहीतरी होतं. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने ती यादी बंद केल्याचं जाहीर केलं, आता काही निकष सुचवलेत आणि कुठलं जर्नल धरायचं ते विद्यापीठांनी आणि कॉलेजांनी ठरवायचं. म्हणजे चेंडू राज्यातल्या विद्यापीठांकडे आलाय, आणि म्हणून मी दिल्लीला न लिहिता तुम्हाला लिहितेय.

कुणी म्हणेल छापू द्या की, कुणाचं काय जातं. औषधांच्या बाबतीत माणसाचा जीव जातो साहेब. 2013 मध्ये 'सायन्स' या जर्नलसाठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी कॅन्सरवरच्या औषधाचा मुद्दाम ढोबळ चुका घातलेला बनावट पेपर 304 जर्नल्सना पाठवला, तर 157 जणांनी तो स्वीकारला, आणि ज्यांना पाठवला त्यातली जवळजवळ एक तृतीयांश जर्नल्स भारतातली होती. मोठ्या नावांनाही हे चुकलेलं नाही. कोविडच्या काळात 2020 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या औषधावर 96 हजार पेशंटचा म्हणून पेपर आला, तो बघून जागतिक आरोग्य संघटनेने चाचणीतला तो भाग थांबवला, आणि मग तो डेटा बाहेरच्या कुणाला तपासायलाच मिळेना म्हणून पेपर मागे घ्यावा लागला. 2023 मध्ये एकट्या हिंदावी या प्रकाशकाच्या जर्नल्समधले 8 हजारांच्या वर पेपर मागे घेतले गेले. आता एआय आल्यावर पेपर पाडणं आणखी सोपं झालंय. 2024 मध्ये एका परदेशी जर्नलमध्ये एआयने काढलेलं उंदराचं शरीरशास्त्राशी काही संबंध नसलेलं चित्र छापून आलं होतं, संपादक आणि रिव्ह्यूअर सगळ्यांच्या हाताखालून ते गेलं, काही दिवसांत पेपर मागे घेतला म्हणून बरं.

आणि हे होत असताना आपल्याच राज्यात संशोधन म्हणजे काय असतं याचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली, 1989 मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला, 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा कुठला ना कुठला त्रास होता. तोपर्यंत बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जायचं, या दोन गावांनी जगाला तो विचार बदलायला लावला. पुढे त्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, नवजात बाळाचं वजन कसं करायचं, श्वास कसे मोजायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि घरीच इंजेक्शन कसं द्यायचं इथपर्यंत, 39 गावांत हे केलं, 47 गावांशी तुलना केली, काही वर्षं एकेक जन्म आणि एकेक मृत्यू नोंदवला, आणि नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये पेपर आला. आज देशभरातल्या आशाताई बाळंतपणानंतर घरी येऊन बाळ बघतात त्याच्या मुळाशी हे काम आहे.

आता हा पेपर आमच्या 10 पेपरांच्या अटीत किती धरला जाईल? एक. एवढ्या वर्षांचं काम करणारा शिक्षक आमच्या कॉलेजात असता तर तेवढ्या वेळात त्याच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस 10 पेपर दाखवून वर गेला असता.

कलेचंही तसंच आहे. रत्नागिरी, राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळांवरची कातळशिल्पं एवढ्या मोठ्या संख्येने उजेडात आणली ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी, रिसबूड पेशाने इंजिनियर, गुराख्यांना आणि गावकऱ्यांना विचारत विचारत सडे पालथे घातले. काशेळीचा तो अवाढव्य हत्ती आणि त्याच्या आत कोरलेले इतर प्राणी बघून मी कितीतरी वेळ तिथून हलले नव्हते. 2022 मध्ये कोकणातली आठ आणि गोव्यातलं फणसामळचं एक अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. ही शिल्पं नेमकी किती जुनी, कुणी कोरली, कशासाठी, हे प्रश्न उघडे पडलेत, कोकणातल्या कॉलेजांच्या इतिहास, भूगोल, कला, मराठी अशा सगळ्या विभागांना पुढची वीस वर्षं पुरेल एवढं काम दारात आहे. पण असं काम उन्हात फिरून, माणसांशी बोलून, नकाशे काढून होतं आणि दोन-तीन वर्षांनी त्यातून एक चांगला लेख निघतो. आमची पद्धत त्या माणसाला विचारते, बाकीचे कुठे आहेत?

मराठीत लिहिणाऱ्यांची अवस्था तर फारच बिकट आहे. वाईचं 'नवभारत', मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन', पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचं 'परामर्श' यांतून मराठीत किती गंभीर लेखन झालंय ते आमच्या जुन्या बांधीव अंकांत बघायला मिळतं. आता केअर यादी गेल्यावर ज्याला त्याला स्कोपस ही आंतरराष्ट्रीय जर्नल्सची सूची पाहिजे, आणि स्कोपसमध्ये मराठी शोधायला गेलात तर हाताशी जवळजवळ काही लागत नाही. आमच्याकडच्या एका मॅडमनी आसपासच्या गावांत फिरून बायकांकडून ओव्या गोळा केल्या आणि त्यावर मराठीत लेख लिहिला, तो मी दोनदा वाचला इतका चांगला आहे, आणि त्याच मॅडम आता तो इंग्रजीत करून कुठल्यातरी पैसे घेणाऱ्या जर्नलला द्यायचा का असं मला विचारतात. मराठीला अभिजात दर्जा 3 ऑक्टोबर 2024 ला मिळाला, यूजीसीने केअर यादी बंद करायचं ठरवलं तेही त्याच दिवशीच्या बैठकीत. अभिजात भाषेत लिहिलेलं संशोधन तिच्याच राज्यात धरलं जाणार की नाही, हे तुमच्या विभागाने स्पष्ट लिहून द्यावं.

यूजीसीची किमान अट तुम्हाला खाली आणता येणार नाही, मला कल्पना आहे. पण त्या अटीच्या वर काय करायचं ते राज्याला ठरवता येतं. प्रमोशन आणि भरतीच्या वेळी प्रत्येक उमेदवाराने आपली उत्तम वाटतात अशी दोन किंवा तीन कामं द्यावीत, लेख असो, पुस्तक असो, संपादन असो, नकाशा असो, मराठीत असो की इंग्रजीत, ती दुसऱ्या विद्यापीठातल्या त्या विषयाच्या दोन माणसांनी खरोखर वाचावीत आणि प्रत्येकाने सहीनिशी पानभर लिहून द्यावं की यात नवीन काय आहे आणि कच्चं काय आहे. ती पानं विद्यापीठाच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसू द्या, म्हणजे न वाचता सही करणाराही दिसेल. किमान आकडा झाला की वरच्या पेपरांना एकही जादा गुण नको, म्हणजे पंचवीस-तीस पेपरांची रांग आपोआप थांबेल. चीनने 2020 मध्ये पेपरांसाठी रोख बक्षिसं बंद केली आणि मोजकी प्रातिनिधिक कामं बघायला सुरुवात केली, तेव्हा एवढ्या मोठ्या देशात जे सुरू करता येतं ते महाराष्ट्रात अशक्य नाही.

अजून एक. केंद्राच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेत 6000 कोटी रुपये खर्चून 30 प्रकाशकांची सुमारे 13 हजार जर्नल्स सरकारी संस्थांना खुली झालीत. खाजगी संस्थांनी चालवलेली आमच्यासारखी अनुदानित कॉलेजं एकही न सुटता त्यात येतील असं बघा, कारण चांगलं संशोधन वाचायलाच मिळालं नाही तर चांगलं लिहिणार कसं.

येत्या शैक्षणिक वर्षाच्या प्रमोशन कॅम्पच्या आधी याचा शासन निर्णय निघावा एवढी विनंती आहे. कुठलं विद्यापीठ आधी करून बघतो म्हणालं तर तिथल्या कॉलेजांच्या फायली लावायला माझ्यासारखे ग्रंथपाल येतील, मी तर नक्की येईन.

आपली,
एक ग्रंथपाल