सोनं अजून चढेल का, असं विचारलंत म्हणून

नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "सोनं अजून चढेल का गं?" आणि मी "मी काय ज्योतिषी आहे?" म्हणून विषय उडवून लावला. तेव्हा मी घाईत होते, हे खरं. पण त्याहून खरं कारण म्हणजे या विषयावर बोलायचं तर मला माझीच एक जुनी गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती चौदा वर्षं मी तुमच्यापासून लपवली आहे. फोनवर ती जमली नसती. म्हणून पत्र.

नंतर आई वेगळी बोलली. बाबा बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "ते पैसे अडकून तर नाही ना पडणार?" कोणते पैसे, असं विचारल्यावर कळलं की आईच्या गुडघ्यांसाठी बाजूला ठेवलेली मुदत ठेव मोडून सोनं घ्यायचं ठरतं आहे. वर्षभरात चांगलं वाढेल, मग ऑपरेशनही होईल आणि वर चार पैसे उरतील, असा हिशेब. आई पुढे म्हणाली, "मला काही घाई नाही." आई, तुझं "घाई नाही" मी लहानपणापासून ऐकते आहे. तुझ्या चष्म्यालाही घाई नव्हती आणि दाढेलाही नव्हती.

बाबा, रागावू नका. तुमच्या डोक्यात हे का आलं ते मला समजतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोन्याने औंसाला चार हजार डॉलर ओलांडले. एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. दोन वर्षांपूर्वी तोच भाव दोन हजारांच्या आसपास होता. जो तो म्हणतो आहे, "आम्ही घेतलं तेव्हा अर्ध्यात मिळत होतं." अशा वेळी हातावर हात ठेवून बसलेल्या माणसाला आपण मूर्ख ठरलो असं वाटतं. मलाही वाटलंय. ते २०११ साली.

तेव्हा मी इथे नोकरीला नवी होते. तीन वर्षांपूर्वीच मोठमोठ्या बँका कोसळल्या होत्या, युरोपातले देश कर्जात बुडाले होते, अमेरिकेचं पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडायच्या ऐपतीचा दर्जा, ऑगस्टमध्ये खाली आलं होतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. कागदी पैशाचं आता खरं नाही, सोनं पाच हजारांवर जाणार, असं एकजण रोज सांगायचा. मी सात महिन्यांची बचत काढली आणि सोन्याच्या फंडात, म्हणजे सोन्याच्या भावाबरोबर वर-खाली होणाऱ्या गुंतवणुकीत, घातली. भाव होता अठराशेच्या वर. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो एकोणीसशेच्या पुढे गेला तेव्हा मला आपण फार हुशार आहोत असं वाटलं. तुम्हाला फोन करून सांगणारही होते, पण म्हटलं आणखी थोडं वाढू दे, मग एकदम सांगू.

ते वाढलं नाही. दीड वर्ष तिथल्या तिथे घुटमळलं, आणि एप्रिल २०१३ मध्ये एका शुक्रवारी आणि पुढच्या सोमवारी, म्हणजे बाजाराच्या दोन दिवसांत, औंसामागे सुमारे दोनशे डॉलर उतरले. तरी मी धरून बसले. पुढे घर बदलायची वेळ आली, अनामत भरायची होती, हाताशी दुसरं काही नव्हतं. डिसेंबर २०१५ मध्ये विकलं. भाव साधारण १०६०. नंतर कळलं की त्या अख्ख्या मंदीचा तो जवळजवळ तळ होता. घेतल्यापासून चाळीस टक्के गेले. त्या महिन्यात तुम्ही विचारलं होतं, "काही पाठवू का?" आणि मी "नको, सगळं ठीक आहे" म्हणाले होते. ठीक नव्हतं.

आज ते सोनं तसंच असतं तर दुपटीहून जास्त झालं असतं. बाबा, तुम्ही हेच म्हणणार हे मला माहीत आहे: "बघ, थांबली असतीस तर!" पण थांबणं माझ्या हातात नव्हतं. घरमालकाची तारीख ठरलेली होती, आणि सोन्याला माझ्या तारखेशी काही देणंघेणं नव्हतं.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले आहे. जखमेवरची खपली काढायची खोड म्हणा. त्यातलं एक उदाहरण मला कधीही विसरता येत नाही.

१९३४ पासून १९७१ पर्यंत सोन्याचा सरकारी भाव औंसाला ३५ डॉलर असा बांधलेला होता. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी परदेशी सरकारांना डॉलरच्या बदल्यात सोनं द्यायचं थांबवलं आणि भावाला मोकळं रान मिळालं. तेल महागलं, महागाई भडकली, इराणात क्रांती झाली, १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. आणि २१ जानेवारी १९८० रोजी लंडनला सोन्याचा भाव ८५० डॉलर लागला. तेव्हाच्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जगात सगळीकडे आग लागलेली दिसते आहे, सोनं नऊ वर्षांत चोवीस पट झालंय. कोण शहाणा म्हणेल की आता उतरेल?

दोन महिन्यांत ते पाचशेच्या खाली आलं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी महागाई मोडायची म्हणून व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात नेऊन ठेवले. बँकेत नुसते पैसे ठेवून एवढं व्याज मिळत असेल, तर व्याजच न देणारा धातू कोण सांभाळणार? सोन्याचं मूळ दुखणं हेच. ते घर भाड्याने दिल्यासारखं भाडं देत नाही, ठेवीसारखं व्याज देत नाही. पुढचा माणूस जास्त द्यायला तयार असेल तरच आपल्याला फायदा. त्या जानेवारीत ८५० ला घेतलेल्या माणसाला तोच आकडा पुन्हा दिसला तो २००८ च्या जानेवारीत. अठ्ठावीस वर्षांनी. आणि मधल्या काळातली महागाई धरली तर त्या ८५० ची खरी भरपाई झाली ती या वर्षी, २०२५ मध्ये. पंचेचाळीस वर्षं, बाबा. तेव्हा जो तिशीत होता तो आज तुमच्या वयाचा आहे.

म्हणजे सोनं वाईट, असं म्हणते आहे का मी? मुळीच नाही. उलट चुकणारेही भरपूर झाले. ब्रिटनच्या सरकारने १९९९ ते २००२ या काळात आपल्याकडचं निम्म्याहून जास्त सोनं, जवळजवळ ३९५ टन, लिलाव करून विकलं. सरासरी भाव मिळाला २७५ डॉलरच्या आसपास. विकणार असं आधी जाहीर करून विकलं, त्यामुळे भाव आणखी पडला. त्यांच्याकडे अर्थतज्ज्ञांची काय कमतरता होती? तरी वीस वर्षांतला तळ नेमका गाठला. हे वाचल्यापासून माझं माझ्यावरचं दुःख जरा हलकं झालं, खोटं कशाला बोलू.

आता तुमचा मुख्य मुद्दा. जग अस्थिर आहे, आणि अस्थिर काळात सोनंच तारतं. यातलं अर्धं बरोबर आहे. दोन-तीन वर्षांच्या पट्ट्यात पाहिलं तर बहुतेक मोठ्या संकटांनंतर सोनं वर गेलेलं दिसतं. पण संकट ऐन भरात असताना काय होतं ते बघा. २००८ च्या मार्चमध्ये सोनं हजारावर होतं. त्या वर्षी बँका कोसळल्या, घबराट शिगेला पोचली आणि ऑक्टोबरअखेर सोनं सव्वासातशेच्या खाली होतं. मार्च २०२० मध्ये जग बंद पडत होतं त्याच दोन आठवड्यांत औंसामागे दोनशे डॉलर गेले. दोन्ही वेळा नंतर ते उसळलं, २०२० च्या ऑगस्टमध्ये तर दोन हजार ओलांडून गेलं. पण त्या आठवड्यांत का पडलं? कारण सगळ्यांनाच एकदम रोकड हवी होती, आणि माणूस अडला की जे विकलं जातं ते विकतो. मी २०१५ ला तेच केलं, फक्त माझं संकट माझ्यापुरतं होतं. गुडघ्याचं ऑपरेशनही तसंच घरापुरतं संकट असतं. दवाखान्याचं बिल बाजाराची वेळ बघून येत नाही.

आणि आताची तेजी कोणामुळे आहे? बरीचशी मध्यवर्ती बँकांमुळे. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशियाची परदेशात ठेवलेली सुमारे तीनशे अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली गेली. ते पाहून अनेक देशांनी विचार केला की दुसऱ्याच्या वहीतल्या आकड्यापेक्षा आपल्या तिजोरीतलं सोनं बरं. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी मध्यवर्ती बँकांनी मिळून दर वर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. त्याआधीच्या दशकात हे प्रमाण साधारण निम्मं होतं. खाणींतून वर्षाला साडेतीन हजार टनांच्या आसपास सोनं निघतं, त्यात एवढं एकच गिऱ्हाईक उचलायला लागलं तर भाव चढणारच. पण बाबा, मध्यवर्ती बँक पन्नास वर्षं थांबू शकते. तिचे गुडघे दुखत नाहीत.

गेल्या महिन्यात २१ तारखेला काय झालं ते तुम्ही वाचलं असेलच. आदल्या दिवशी विक्रमी भाव, आणि एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त घसरण. तुमचे मित्र म्हणाले असतील की ही तर घ्यायची संधी. असेलही. पाच हजार होईल की तीन हजार, मला खरंच माहीत नाही. जो छातीठोक सांगतो त्याने आपला स्वतःचा किती पैसा लावला आहे आणि विकायचं कधी ते ठरवलं आहे का, एवढं विचारून बघा. घेण्याबद्दल सगळे बोलतात. विकण्याबद्दल कोणी बोलत नाही.

तुमची हौस मोडायची नाही मला. ठेवींवरचं जे व्याज तुम्ही खर्च करत नाही, त्यातून दर महिन्याला थोडं थोडं घ्या. एकदम नको, म्हणजे शिखरावर सापडलो तरी सगळे पैसे सापडणार नाहीत. दागिना करू नका, घडणावळ आणि घट दोन्ही अंगावर येतात. गुंतवणूक म्हणून घ्यायचं तर फंड किंवा साधं वळं नाहीतर नाणं. शिवाय ते घरात ठेवलं की रात्री झोप उडते ती वेगळीच. आणि ते मोबाइलवरचं वायद्याचं प्रकरण, थोडे पैसे भरा आणि दहापट सोन्याचा सौदा करा, त्याला हात लावायचा नाही. त्यात भाव शेवटी तुमच्या बाजूने गेला तरी मधल्या एका वाईट दिवसात सगळी रक्कम धुऊन जाऊ शकते. ही विनंती नाही, बाबा. यावर मी भांडणार आहे.

पण गुडघ्यांची ठेव मोडायची नाही. उद्या सोनं दुप्पट झालं तरी मी तुम्हाला "बघ, तू अडवलंस" असं म्हणू देईन, रोज म्हणा. मागच्या वेळी आले तेव्हा आई जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होती आणि मी बघते आहे असं दिसलं की थांबून काहीतरी बोलायला लागायची. वर्षभर सोन्याची वाट बघायची म्हणजे आईने तो जिना आणखी वर्षभर तसाच उतरायचा. आणि वर्षाने भाव पडलेला असला, तर तुम्ही तोट्यात विकणार नाही, हे मी तुम्हाला ओळखून सांगते. "जरा सावरू दे" म्हणाल. मीही तेच म्हणत होते, चार वर्षं.

ठेवीची पावती कपाटात वरच्या कप्प्यात निळ्या फाइलमध्ये आहे, मीच ठेवली होती. तिची मुदत कधी संपते ते बघा आणि त्याच्या आसपासची डॉक्टरांची तारीख घ्या. दोन्ही गुडघे एकदम करायचे की एक एक, ते त्यांनाच विचारा. आई, विचारताना "घाई नाही" म्हणू नकोस. मी तीन आठवड्यांची सुट्टी मागून ठेवली आहे, फक्त साहेबांना तारीख सांगायची राहिली आहे. ती कळली की तिकीट काढते.

तुमची,
धाकटी