गोदावरीचा गाळ वावरात टाकायच्या आधी तपासा

संपादक साहेब, नमस्कार,

2027 चा सिंहस्थ जवळ आलाय, गोदावरी स्वच्छ करायच्या बातम्या रोज पेपरात असतात, पाणवेली, नाले, मैलापाणी शुद्ध करायचे एसटीपी प्रकल्प, सगळं वाचतो आणि बरंही वाटतं. पण नदीच्या तळाशी जो गाळ बसलाय त्यात काय आहे हे कुणी विचारतच नाहीये, म्हणून हे पत्र.

माझं घर पंचवटीत आणि शेती खाली गोदाकाठी चांदोरीला. 2019 च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा वावरात गाळ बसला, आम्ही म्हटलं चला, आयतं खत आलं. यंदा उन्हाळ्यात नदीतून काढलेल्या गाळाच्या दोन ट्रॉल्या मुद्दाम मागवल्या, त्यातली एक काळीकुट्ट निघाली, हाताला तेलकट, वास असा की मजुरांनी तोंडाला रुमाल बांधले. नमुना माती परीक्षणाला दिला तर रिपोर्ट आला नत्र, स्फुरद, पालाश, सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह, सगळं छान! शिसं, कॅडमियम, क्रोमियमचा त्यात रकानाच नाही. मला जे विचारायचं होतं तेच राहिलं.

पाण्याचंही तसंच. आंघोळीच्या पाण्याला निकष काय तर बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन 5 च्या वर, सामू आणि मैल्यातले जंतू. शिसं, कॅडमियमसारखे जड धातू त्यात नाहीत, आणि ते पाण्यात फार टिकतही नाहीत, चिकणमातीच्या बारीक कणांना चिकटतात आणि तळाला जातात, त्यामुळे वरचं पाणी पास आणि खालचा गाळ नापास हे एकाच वेळी होऊ शकतं. पाण्यातला ऑक्सिजन संपला किंवा पोकलेननं तळ ढवळला की त्यातले काही परत सुटतात. गोदावरीला मिळणारी नासर्डी नदी सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या बाजूनं येते, प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा द्यायच्या कामात क्रोमियम, निकेल, जस्त वापरतात. मी कुणावर आरोप करत नाहीये, मोजा एवढंच म्हणतोय.

आणि मोजताना एक घोळ होणार आहे तो आत्ताच सांगतो. आपला सगळा दगड काळा बेसाल्ट, त्यात तांबं, क्रोमियम, निकेल मुळातच जास्त. गाळासाठी अमेरिकेत जे आकडे वापरतात त्यात तांबं किलोमागे 149 मिलिग्रॅमच्या वर गेलं की जलचरांना धोका धरतात, आपल्या दगडात ते 100 ते 200 च्या घरात सहज असतं! म्हणजे तो आकडा लावला तर ब्रह्मगिरीच्या पायथ्याची चांगली मातीसुद्धा विषारी ठरेल, मग एक पार्टी ओरडणार सगळं विष आहे, दुसरी म्हणणार हे तर निसर्गाचंच आहे, आणि शेतकरी मधल्यामध्ये. म्हणून तुलना गंगापूर धरणाच्याही वर, नदी शहरात यायच्या आधीच्या गाळाशीच करायला पाहिजे. म्युलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1969 मध्ये यासाठी सोपा निर्देशांक दिलाय, गाळातल्या धातूला मूळ प्रमाणाच्या दीडपटीनं भागायचं आणि त्याचा 2 पायाचा लॉग घ्यायचा (म्हणजे तो आकडा 2 चा कितवा घात ते बघायचं), शून्याच्या खाली आला तर काळजी नाही, 5 च्या वर गेला तर फारच वाईट. कॅडमियम, शिसं, पारा हे बेसाल्टमध्ये फार कमी असतात, ते वाढलेले दिसले तर दगडाचं कारण चालणार नाही. जपानमध्ये जिंझू नदीच्या पाण्यातून खाणीचं कॅडमियम भातशेतीत गेलं आणि माणसांची हाडं ठिसूळ झाली, तिथल्या सरकारनं 1968 मध्ये ते मान्य केलं. आपल्याकडे तसं झालंय असं म्हणत नाही, पण गाळ इथेही वावरातच जातोय ना.

सोमेश्वर, रामकुंड, टाकळी, दसक-पंचक, सायखेडा आणि खाली नांदूरमधमेश्वर, एवढ्या ठिकाणचे तरी नमुने घ्या. प्रत्येक ठिकाणी वरच्या थराचा गाळ वेगळा आणि खोलातला वेगळा घ्या म्हणजे जुनं किती, नवं किती ते कळेल. नांदूरमधमेश्वर तर राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, शहरातून वाहून आलेलं त्या बंधाऱ्यात साठतं आणि पक्षी तिथलेच मासे खातात. रिपोर्ट मराठीत करून ग्रामपंचायतीत लावा, आणि तो येईपर्यंत शहराच्या खालच्या भागातला गाळ कुठल्याही शेतकऱ्याला देऊ नका.

माझा ढीग अजून बांधावरच आहे. शेजारी द्राक्षबाग आहे, पावसाचं पाणी तिकडे जाऊ नये म्हणून भोवती चर खणलाय. तो पसरवायचा का उचलून टाकायचा हे मला कुणीतरी आकडे बघून सांगायला पाहिजे.

आपला,
एक शेतकरी वाचक, पंचवटी, नाशिक