टॉवर बंद पडले तर निरोप कसा द्यायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वस्तीवस्तीत बिनतारी यंत्रणा बसवण्याबद्दलचा कालच्या अंकातला लेख वाचला. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, मग हा वेगळा खर्च कशाला, असं लेखकाने विचारलंय. ते वाचल्यापासून डोकं शांत नाही.

२२ जुलै २०२१ ला आम्हा चिपळूणकरांच्या हातातही मोबाईल होते. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, वीज गेली, मागोमाग रेंज गेली. माझी धाकटी बहीण तिथेच पहिल्या मजल्यावर राहते. घरात सासूबाई, त्यांना रोज इन्सुलिन लागतं. "दादा, सातव्या पायरीला पाणी लागलंय," एवढं बोलली आणि फोन तुटला. रात्री मी आमच्या गच्चीवरून तिच्या घराच्या दिशेला बॅटरी उघडमीट करत बसलो. तिला दिसतेय की नाही, काही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोट तिच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत गेली. आत कुणाला औषध हवंय, हे बोटवाल्यांना सांगणार कोण? सासूबाई वाचल्या, पण ते दोन दिवस आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही.

गल्लीत हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असलेला एक जरी माणूस असता, हातात बिनतारी व्हीएचएफ सेट आणि चार्ज केलेली बॅटरी असती, तर तो निरोप गेला असता. २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातून हॅमवाल्यांनीच निरोप पोचवले होते. बारा वर्षांच्या मुलालाही या परवान्याची परीक्षा देता येते, मग आपल्या शाळांतून का शिकवत नाहीत? परवाना नको असेल तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारे लोराचे छोटे नोड आहेत, म्हणजे कमी विजेवर दूरपर्यंत छोटे लेखी निरोप पाठवणारी रेडिओ यंत्रं. एक नोड दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला असा निरोप पुढे जातो, टॉवर लागत नाही. त्यावर बोलता येत नाही, पण 'इन्सुलिन हवं, पहिला मजला' एवढे शब्द पोचतात. आम्हाला तेवढेच हवे होते. मात्र हे नोड उंचावर बसवायला हवेत आणि पावसाळ्याआधी दर वर्षी तपासायला हवेत. मीटरच्या पेटीशेजारी लावून ठेवले तर तेही बुडतील.

आणखी एक. लेखासोबत 'चिपळूणचा पूर' म्हणून छापलेला फोटो सांगलीचा आहे. मागे आयर्विन पूल स्पष्ट दिसतोय. आमची माणसं त्या पाण्यात अडकली होती, तेव्हा निदान गाव तरी बरोबर छापा. दुरुस्ती उद्याच्या अंकात यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, चिपळूण